पान दोनशे बारा

१

“पान डोळ्यांनी पाहिलंस, की कुणी पाहिलं म्हणून तूही पाहिलं?”

मोठ्या बाईंचा आवाज. घोगरा, सावकाश, शेवटच्या शब्दाला हलकेच उचलून धरणारा. बाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्यांची प्रयोगशाळा पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली. आवाज मात्र कुणाला पाडता आला नाही. संदर्भताई एके काळी त्यांच्या विद्यार्थिनी होत्या. दुसऱ्या कुणाच्या पेपराखालचे संदर्भ त्यांनी जसेच्या तसे उतरवून बाईंपुढे ठेवले आणि बाईंनी एका नजरेत ओळखलं. त्या दुसऱ्याने एका खंडाचा आकडा चुकवला होता आणि ताईंनी ती चूकही इमानाने उतरवली होती. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर विसरता तरी आलं असतं.

पुढे ताईंनी भौतिकशास्त्र सोडलं, पण भौतिकशास्त्राने काही त्यांना सोडलं नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याच विषयाचं टेबल त्यांच्या वाट्याला आलं. कुठला पेपर कुठल्या जर्नलात, हे लोकांना शोधून देता देता त्यांचं खरं नाव मागे पडलं. सगळे संदर्भताईच म्हणू लागले.

आज सकाळी त्या टेबलापुढे एक मुलगी उभी होती. संशोधन करणारी, हलक्या पावलांची, पुस्तक काढलं की जागच्या जागी ठेवणारी. रडून झालं होतं. डोळे कोरडे आणि लाल.

“ताई, समितीचं म्हणणं आहे की मी प्रबंधात खोटा संदर्भ दिला. तो पेपर जगात नाहीच म्हणतात.”

“कुणाचा पेपर?”

मुलीने नाव सांगितलं. मोठ्या बाईंचं.

ताईंच्या हातातला चष्मा टेबलावर आपटला. “जगात नाही? जगभर फिरून आले वाटतं सगळे. चल खाली.”

जुनी जर्नलं तळघरात होती. वर्षभराचे अंक एकत्र शिवून, पुठ्ठा घालून मरून कापडात बांधलेले; एकाच ताग्यातले कपडे शिवून फोटोला उभी केलेली भावंडं असावीत तसे. मुलीचा संदर्भ साधा होता: जर्नलचं नाव, खंड अडतीस, पान दोनशे बारा. खंड अडतीस जागेवर होता. ताईंनी तो मांडीवर घेतला आणि दोनशे बारावं पान उघडलं.

तिथे दुसऱ्याच माणसाचा पेपर होता. द्रवांच्या चिकटपणावरचा.

“मी इथेच वाचला होता,” मुलगी म्हणाली. “याच रॅकपाशी, उभ्या उभ्या.”

२

पान कापलं की मुळाशी थोटूक उरतं. ताईंनी बोट फिरवून पाहिलं. थोटूक नव्हतं. दोनशे अकरा, बारा, तेरा, सगळी पानं हात धरून सलग उभी. खंडाच्या अनुक्रमणिकेत बाईंचं नाव नाही. प्रकाशकाने जुने खंड कॉम्प्युटरवर चढवले होते. तिथेही त्या पानावर चिकटपणाच.

“एखादा फोटो तरी काढायचास गं.”

“तुम्हीच तर फोन वर ठेवायला लावता, ताई.”

खरं होतं. लोक फोटोसाठी पुस्तक उताणं दाबत आणि जुन्या शिवणी तुटत, म्हणून हा नियम ताईंनीच केला होता. मुलीने तो पाळला आणि बाईंचं कोष्टक हाताने उतरवून घेतलं. आता ते कोष्टक तिने घरी बसून रचलं असं म्हणायला सगळे मोकळे. ताईंना समितीचा राग आला होताच, त्यात स्वतःचाही मिसळला.

मुलीचं काम एका मिश्रधातूवर होतं. अतिथंड असताना त्यातून उष्णता किती वाहते, एवढंच मोजायचं. या धातूचा जगभर वापरला जाणारा आकडा तिच्याच गाइडने काढलेला होता, आणि मुलीचा आकडा त्याहून कमी येत होता. तिने उपकरण पुन्हा पुन्हा उघडून बांधलं, तरी कमीच. सर म्हणत, तुझं उपकरण गळतंय, उष्णता भलतीकडून जातेय. तिने झोप सोडली, जेवण सोडलं, गळती काही सापडली नाही. मग एके दिवशी भलतंच काही शोधताना हा जुना पेपर हाती लागला. बाईंचा आकडा तिच्या आकड्याशी जुळत होता.

“उद्या सकाळी समिती बसतेय,” ती म्हणाली. “नोंदणी रद्द करतील. ते एक वेळ सोसेन. पण ही खोटं बोलली असं लिहून देतील, ते घरी कसं नेऊ? आई आत्तापासूनच डॉक्टर म्हणते. शेजारच्या काकू परवा गुडघ्यावर काय घेऊ म्हणून विचारायला आल्या होत्या.”

“मग काय सांगितलंस?”

“गरम पाण्याने शेका म्हटलं. उष्णतेवरच काम करते ना.”

रागातही ताईंना हसू फुटलं, आणि फुटलं म्हणून राग आणखी वाढला. अशी पोर खोटारडी ठरवायला निघालेत.

“हा पेपर सापडल्याचं कुणाकुणाला बोलली होतीस?”

“सरांना. टॉपरला. आणि इथल्या साहेबांना. ते तळघर रिकामं करणार आहेत ना, म्हणून हात जोडले होते की एवढा रॅक राहू द्या.”

तिघे. त्यांतल्या एकाने बाईंना दुसऱ्यांदा मारलं होतं.

३

टॉपर कॅन्टीनमध्ये सापडला. मुलीबरोबर त्याच सरांकडे शिकणारा, कायम पहिला येणारा, आणि प्रयोगशाळेत निघणाऱ्या एकुलत्या एका जागेवर डोळा ठेवून बसलेला. समितीने खंड तपासायला त्यालाच पाठवलं होतं.

“मी पाहिलं तेच सांगितलं, ताई. पान दोनशे बारावर वेगळा पेपर आहे.”

“ती गेली तर जागा तुला.”

त्याने कप खाली ठेवला. “हो. आणि मला ती हवीय, लपवत नाही. पण पुस्तकात गडबड करायला आधी पुस्तकं कुठे असतात ते माहीत पाहिजे. तळघरातला दिवा कुठे लागतो हे मला शिपायाने दाखवलं. माझा सगळा अभ्यास फोनवर.”

“सारसंग्रहात पाहिलंस का?”

“सार? ते पेपरच्या डोक्यावरच असतं की.”

ताईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो नाटक करत नव्हता. कॉम्प्युटर यायच्या आधी जगभरच्या पेपरांचं चार-चार ओळींत सार छापून येई, त्याचेही खंड बांधले जात. पेपर शोधायचा तो त्यांतून. हे या मुलाच्या गावीही नव्हतं.

साहेब, म्हणजे ग्रंथालयाचे प्रमुख, सोफ्याच्या कापडाचे नमुने पाहत होते.

“राखाडी बरा की निळा, ताई?”

“अडतिसाव्या खंडाला तुम्ही हात लावला होता?”

“हे बघा. मुलांना बसायला जागा हवी, फोन चार्ज करायला जागा हवी. तुम्ही आपली धूळ जपत बसता. मी टाकणार, ट्रक भरभरून टाकणार, सगळ्यांदेखत टाकणार. एखादं पुस्तक चोरून इकडचं तिकडे करायला मी काय घाबरतो कुणाला?”

“तुम्ही घाबरायला हवं होतं,” ताई म्हणाल्या आणि बाहेर आल्या. माणूस संतापजनक होता, पण बोलला ते पटण्यासारखं होतं. ट्रकची पाळी अजून रसायनशास्त्राच्या रॅकपर्यंतही आली नव्हती, भौतिकशास्त्र तर त्याच्याही पुढे.

आता एकच दार ठोठावायचं राहिलं, आणि ते ठोठावायला ताईंचा हात उचलेना.

४

त्या दारावर मोठी पाटी होती, पण ताईंच्या लेखी आत बसलेला माणूस दशांश होता. बाईंच्या वर्गात दोघं एका बाकावर. उत्तर बरोबर आलं तरी हा आणखी एक दशांश स्थळ काढत बसे, म्हणून बाईंनीच दिलेलं नाव. आता केस पांढरे, भिंतीवर मानपत्रं, आणि त्याचा तो आकडा जगातल्या प्रत्येक तक्त्यात.

“ये. चहा सांगू?”

“नको. बाईंचा पेपर कुठाय?”

“कुठला पेपर?” त्याने खुर्ची मागे घेतली. “अगं, बाईंनी या धातूवर काही छापलं असतं तर मला ठाऊक नसतं? मी त्यांचा विद्यार्थी. मी असला पेपर ऐकलाही नाही.”

“पोरगी म्हणते तिने वाचला.”

“पोरगी दमलीय. उपकरण गळतंय, मी समितीला तसं लेखी कळवलंय. दमलेला माणूस हवं ते वाचतो. मी तिला म्हटलं होतं, तेवढं प्रकरण काढून टाक, बाकीचं पास करून देतो. ऐकत नाही.”

“तू तिचा गाइड आहेस. तिला खोटारडी म्हणताना तुझी जीभ अडखळली नाही?”

“मी खोटारडी म्हटलं नाही. समितीने विचारलं, असा पेपर माहीत आहे का. मी नाही म्हटलं.”

त्याचा आवाज शांत होता. ताईंना तो शांतपणाच झोंबला. बाईंचं नाव निघालं आणि याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. घरातल्या माणसाचं नाव निघावं आणि कुणी वर्तमानपत्रातली बातमी ऐकल्यासारखं ऐकावं, तसं.

“मी शोधणार आहे,” त्या म्हणाल्या.

“शोध की. नसलेलं सापडत नाही एवढंच.”

५

पेपर सापडत नसला की त्याच्या मागे धावू नये. त्याचं नाव घेणाऱ्यांच्या मागे जावं. ताईंनी टेबलावर परत येऊन हीच उलटी वाट धरली. कुठल्या पेपराने आपल्याखाली कुणाकुणाचं नाव दिलं, याचा एक मोठा साठा ग्रंथालयाने विकत घेतला होता. नुसतं शीर्षक टाकून शोधणाऱ्याला त्यातलं अर्धं दिसत नाही. ताईंनी बाईंचं आडनाव, आद्याक्षर आणि साल टाकलं.

तीन नोंदी उगवल्या.

बाई होत्या. तीन माणसांनी त्यांना पाहिलं होतं. ताईंनी पडद्यावरच्या बाईंच्या नावावरून बोट फिरवलं. क्षणभरच; मग पुन्हा राग.

पहिले दोन पेपर दूरदेशीचे. दोघांनीही लिहिलं होतं: खंड अडतीस, पुरवणी, पान दोनशे बारा.

पुरवणी. मुलीच्या संदर्भात हा शब्द नव्हता.

ताई खुर्चीत मागे टेकल्या आणि सगळं एकेक करून जागेवर बसू लागलं. त्या वर्षी जर्नलने नेहमीच्या अंकांखेरीज पुरवणी काढली, खंडाचा आकडा तोच, पानांचे आकडे पुन्हा एकपासून. म्हणजे अडतिसावे दोन. पान दोनशे बाराही दोन. पुरवण्या प्रकाशकाने कॉम्प्युटरवर चढवल्याच नाहीत. इथल्या जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर आल्या तेव्हा दोन अडतिसांचा कुणीतरी एक केला. आणि मुलीची चूक? ती मुलीची नव्हतीच. खंड बांधताना अंकांची वेष्टनं आणि जाहिराती काढून टाकतात, तेवढाच खंड बारीक होतो. पुरवणी हा शब्द छापलेला असणार तो वेष्टनावर. ज्याने इथला बांधलेला खंड वाचला, त्याला तो शब्द दिसणारच नाही.

ताईंनी तिसरी नोंद उघडली.

ऐन उमेदीतला एक छोटासा पेपर, दुसऱ्याच विषयावरचा, ओघात बाईंचा उल्लेख करणारा. लिहिणारा दशांश.

खाली संदर्भ होता: खंड अडतीस, पान दोनशे बारा. पुरवणी हा शब्द नव्हता.

परक्यांच्या पेपरातून उतरवला असता तर तो शब्दही बरोबर आला असता. शब्द आला नाही, कारण त्याने कुणाचं उतरवलं नव्हतं. तो तळघरात उतरला होता, बिनवेष्टनाचा खंड त्याने हातात घेतला होता आणि पान डोळ्यांनी पाहिलं होतं.

‘ऐकलाही नाही’ म्हणाला होता तो. तोंड वर करून.

६

राग आला की माणसं धावत सुटतात. ताई मात्र सावकाश चालू लागल्या. दशांशने वाचला हे कळलं. खंड हातात आला नव्हता. आणि समितीला बोलणं नको असतं, वस्तू लागते.

प्रत्येक खंडात चुंबकाची पट्टी चिकटवलेली. दाराबाहेर नेला तर घंटा वाजते. म्हणजे तो इमारतीतच असणार. निदान सारसंग्रहातल्या बाईंच्या चार ओळी तरी समितीपुढे ठेवाव्यात, म्हणून ताई तळघराच्या अगदी टोकाच्या रॅककडे गेल्या. वाचनालय बंद व्हायला अजून वेळ होता, पण इकडे वर्षानुवर्षं कुणी फिरकत नसे. सारसंग्रहाचे खंडही मरून कापडातलेच, त्याच उंचीचे. सगळ्यांच्या माथ्यावर धुळीची साय धरलेली.

एकाच्या माथ्यावर धूळ नव्हती.

ताईंनी तो ओढला. सारसंग्रह नव्हताच तो, जर्नल होतं. खंड अडतीस. पान दोनशे बारा. वर बाईंचं नाव, काळ्या ठसठशीत अक्षरांत, कुणाच्या परवानगीची वाट न पाहणारं.

उभ्या उभ्याच त्यांना पुढचं उमगलं. टॉपरला हा रॅक माहीत नव्हता. साहेबांना लपवायची गरज नव्हती. लपवणारा जुन्या पद्धतीने शिकलेला हवा. आणि आता सगळे पडद्यावरच शोधतात, इथे कुणी येत नाही, अशी खात्री असलेला हवा.

“तू अजून सारसंग्रह उघडतेस,” मागून आवाज आला.

दशांश रॅकच्या तोंडाशी उभा होता. ताईंनी खंड छातीशी धरला.

“काढून न्यायला आलास?”

“ठेवलाय तिथे आहे का बघायला आलो.”

“फाडायचंस की. एवढं धाडस केलंस, तर तेही करायचंस.”

“बाईंचा होता,” तो म्हणाला. “हात धजला नाही.”

“हात धजला नाही म्हणे. त्या पोरीचं आयुष्य फाडताना बरा धजला.”

तो जवळ आला, आवाज खाली उतरवून बोलू लागला. “ऐक. उद्या हा खंड घेऊन जा. चुकीच्या रॅकवर गेला होता म्हण. तिच्यावरचा आरोप जाईल, तुझं काम झालं. बाकीचं उकरू नकोस.”

“आणि बाईंचा आकडा?”

“जुना आहे तो. तेव्हाची उपकरणं कच्ची होती.”

“तुझ्या तोंडून हे ऐकायला बाई नाहीत, एवढंच त्यांचं नशीब,” ताई म्हणाल्या. त्याच्या खांद्याला खांदा घासून त्या बाहेर पडल्या. तो बाजूला सरला नव्हता.

७

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं. टोकाला अध्यक्ष, बाजूला सदस्य, एका कडेला दशांश, समोर मुलगी. ताईंनी खंड टेबलाच्या मधोमध ठेवला, पान उघडलं आणि पुरवणीपासून वेष्टनापर्यंत सगळं सांगितलं. अध्यक्षांनी चष्मा वर करून पान पाहिलं, शेजाऱ्याला दाखवलं.

“म्हणजे पेपर आहे. चांगलं झालं. खोटा संदर्भ दिल्याचा आरोप आपण मागे घेऊ. खंड चुकीच्या जागी गेला होता, एवढंच.”

“गेला नव्हता. ठेवला गेला होता,” ताई म्हणाल्या. “टाकायचा असता तर ट्रक होता. सारसंग्रह ठाऊक नसता तर लपवायला तो रॅक सापडला नसता. ज्याने ठेवला त्याने हा पेपर पूर्वी वाचलाय, इथेच वाचलाय, आणि तुम्हाला सांगितलं की ऐकलाही नाही. त्याचा स्वतःचा जुना पेपर बघा, संदर्भ छापलेला आहे.”

कुणी दशांशकडे पाहिलं नाही. सगळे टेबलाकडे पाहत होते. मोठ्या माणसाची लाज राखायची झाली की टेबल फार कामाला येतं.

“ग्रंथालयाचं काय ते ग्रंथालय बघेल,” अध्यक्ष घाईने म्हणाले. “प्रश्न प्रबंधाचा आहे. आकडा सरांच्या आकड्याशी जुळत नाही, आणि उपकरण गळतं असं सरांनीच लेखी दिलंय. तेव्हा हे प्रकरण वगळावं, बाकीचा प्रबंध पुन्हा सादर करावा. तडजोड सगळ्यांच्याच हिताची.”

ताईंचे कान तापले. खोटारडी नाही तर कच्ची. काहीतरी ठरवूनच पोरीला घरी पाठवायचं होतं. त्या बोलणार तेवढ्यात मुलगी उभी राहिली. तिने समितीकडे पाहिलं नाही, खंडाकडेही नाही.

“सर, मला एवढंच सांगा. माझं उपकरण गळतं का?”

दशांशने पेन उचललं, खाली ठेवलं.

“मी ते किती वेळा उघडलं, तुम्हाला माहीत आहे. रात्री झोपेत मला गळती दिसते. आई हाक मारते तर मी तिला म्हणते, थांब, कुठून तरी जातेय. मला पदवी नका देऊ. पण गळतं का ते सांगा. तुम्हालाच कळतं ते.”

अध्यक्ष म्हणाले, “अहो, हे इथे कशाला—”

“गळत नाही,” दशांश म्हणाला.

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा राग तिळभरही कमी झाला नाही. त्याने मात्र नजर मुलीवरून हलवली नाही.

“कधीच गळत नव्हतं. गळत होतं ते माझं. मोजायला ज्या तारा जोडतो त्यांच्यातून उष्णता निसटते, ती वजा करावी लागते. बाईंनी केली होती. मी केली नाही. माझा आकडा छापून आला, कौतुक झालं, आणि बाईंचा कमी का आला म्हणून मी पुन्हा तळघरात जाऊन त्यांचा पेपर नीट वाचला, तेव्हा कळलं. बाई तेव्हा होत्या. समोरच्याच इमारतीत होत्या. त्यांना मी सांगितलं नाही, आणि तुलाही सांगितलं नाही. तुझा आकडा बरोबर आहे, पोरी. पहिल्या दिवसापासून बरोबर आहे.”